दादाचा लघुग्रह आणि माझा तिसरा ठिपका

वहिनीचा फोन आला तेव्हा मी गुडघ्याला तेल चोळत बसले होते. गुडघे असे झालेत की कोपऱ्यावरून भाजी आणायची तरी दोनदा विचार करते, आणि वहिनी म्हणत होती, जबलपूरला ये. दादाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, डॉक्टर म्हणतात आता आणखी थांबलात तर पंचाईत होईल, आणि हा माणूस ऑपरेशनचं नाव काढू देत नाही. मुलगा सांगून थकला, सून सांगून थकली. त्याचं आपलं एकच म्हणणं, माझे डोळे मुळातच खराब होते, आता कापून काय निघणार आहे. तुझं ऐकलं तर ऐकेल, असं म्हणून वहिनीनं फोन ठेवला.

दादाचे डोळे मुळातच खराब नव्हते. हे जगात मला एकटीला माहीत होतं आणि पन्नासहून जास्त वर्षं मी ते गिळून बसले होते. शेजारच्या बाईंनी मोबाईलवर तिकीट काढून दिलं.

या ब्लॉगवर नेहमी येणाऱ्यांना माझा स्वभाव ठाऊक आहे. चहा पाणचट असला तर मी पाणचट असंच लिहिते, मग कोणी रागावो. या वेळी स्वतःबद्दलही तसंच लिहिणार आहे. जबलपूरला जायचा बेत असेल तर उपयोगी पडेल असंही थोडं यात आहे, पण भेडाघाट वाचायला आला असाल तर आधीच सांगते, मी भेडाघाटला गेले नाही.

पुण्याहून दुपारी गाडीत बसलं की दुसऱ्या दिवशी सकाळी जबलपूर. खालचा बर्थ मागून घ्या, डबा घरून न्या आणि जानेवारीत जात असाल तर शाल पुरत नाही, चांगली रजई म्हणावी असं काहीतरी बरोबर ठेवा. समोर एक तरुण जोडपं होतं, त्यांचं संगमरवरी खडकांवर आणि रोपवेवर चाललं होतं. त्यांनी विचारलं, मावशी, तुम्ही फिरायला निघालात का? मी म्हटलं, भावाकडे. मग त्यांनी मला सोडलं. झोप कसली लागते? प्रत्येक स्टेशनवर एकच वाक्य मनात जुळवत होते आणि गाडी सुटली की मोडत होते. पिपरियाला चहा घेतला. तो चांगला होता.

स्टेशनबाहेर ऑटोवाल्यानं पनागरच्या रस्त्याचं मी सांगितलेलं भाडं ऐकून असा चेहरा केला की मीच त्याला लुटतेय. शेवटी तो थोडा उतरला, मी थोडी चढले. दादानं निवृत्तीनंतर त्या रस्त्याला घर बांधलं, मागे दोन आंबे आणि पुढे सिमेंटचं अंगण. तो अंगणात उन्हात खुर्ची टाकून बसला होता. मी फाटक उघडलं तर त्यानं मान वळवली, पण माझ्याकडे नाही, माझ्या थोडं बाजूला.

"कोण, कुंदा?" तो म्हणाला. "पाय ओढून चालून राहिली. त्यावरून ओळखलं."

मला रडू आलं आणि मी ते ऑटोच्या धुरावर ढकललं. ब्याऐंशी वर्षांचा माझा भाऊ, ज्याला केसाच्या जाडीतला फरक नुसता बघून कळायचा, त्याला चार हातांवरची बहीण दिसत नव्हती. वहिनीनं पोहे आणि खोव्याची जिलबी पुढे ठेवली. ही जिलबी काळपट, जड असते, एका नगातच माणूस गार होतो. जबलपूरला गेलात तर जरूर खा, पण सकाळी, आणि मग दुपारचं जेवण विसरा. दादा जिलबी हातानं चाचपून उचलत होता. मी ऑपरेशनचा विषय काढला तर म्हणाला, तू आली ना, दोन दिवस आराम कर, बाकी छोड दे.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच ऑटो करून फॅक्टरी इस्टेटला गेले. आमचं लहानपण तिथल्या क्वार्टरमध्ये गेलं, वडील सैन्याचा माल बनवणाऱ्या त्या फॅक्टरीत होते, मग दादा लागला, मग मीही. फाटकावरच्या माणसानं हात जोडून सांगितलं, "अम्माजी, अंदर नहीं जा सकते, बाहर से देख लीजिए." बाहेरून काय बघायचं? चिंचेची झाडं तेवढी तीच होती. तिथल्या एका टपरीवर बाकावर बसले, चहा घेतला आणि बराच वेळ उठलेच नाही. पाय दुखत होते हे खरं, पण उठून कुठे जायचं तेही कळत नव्हतं.

एकाहत्तरची लढाई होती तेव्हा मी बावीसची होते. गणितात बी.एस्सी. करून फॅक्टरीच्या ऑफिसात टायपिंगला लागले होते. ओव्हरटाइम सगळ्यांनाच, रोज बारा बारा तास. सकाळी भोंग्याबरोबर आत आणि बाहेर यायचं ते अंधारात, कारण ब्लॅकआउट. खिडक्यांना काळे कागद, रस्त्यावर दिवा नाही, सायकलच्या दिव्यालाही अर्धा कागद. घरी आलं की आई ताट वाढायची आणि आम्ही जेवता जेवता पेंगायचो. लढाईच्या गोष्टी लोक जोशात सांगतात. मला तर फक्त दमणूक आठवते.

दादा तेव्हा तपासणी विभागात होता. तयार झालेला प्रत्येक सुटा भाग मापात आहे की नाही, ते गेज लावून, सूक्ष्म मापं वाचून बघायचं आणि शिक्का मारायचा. त्यांची एक पद्धत होती. एक जण माप वाचणार, दुसरा लिहिणार, आणि सगळी मोजणी संपेपर्यंत वाचणाऱ्यानं आपले आकडे लक्षात ठेवायचे नाहीत, लिहिलेल्या कागदाकडे बघायचंच नाही. बघितलं की माणूस कालचंच माप आजही वाचतो, असं दादा म्हणायचा. घरीही त्यानं तीच शिस्त लावली होती.

घरी म्हणजे त्याच्या दुर्बिणीसाठी. आरसा त्यानं स्वतः घासून केला होता, वर्षभर. नळी पत्र्याची, नजरेचं भिंग भंगारबाजारातून आणलेल्या मोडक्या दुर्बिणीतलं, आणि त्यात बारीक रेघांच्या चौकटी आखलेली काच. ब्लॅकआउटनं बाकी सगळ्यांचा जीव घेतला, पण आमच्या मागच्या अंगणातून आकाश असं दिसायला लागलं की दादा जेवण सोडून बाहेर पळायचा. लढाईच्या थोडं आधी, ब्लॅकआउटचे सराव चालू होते तेव्हा, एका संध्याकाळी, त्याला नकाशात नसलेला एक ठिपका दिसला. काही दिवसांनी बघितलं तर तो सरकला होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात असंख्य खडक सूर्याभोवती फिरतात, त्यांना लघुग्रह म्हणतात. दुर्बिणीतून ते ताऱ्यासारखेच दिसतात, खूण एवढीच की ते जागा बदलतात. तीन वेगवेगळ्या दिवशी ती जागा नीट मोजली की त्यावरून गणितानं अख्खी कक्षा काढता येते, तो सूर्यापासून किती लांब फिरतो, एका फेरीला किती वर्षं लागतात, वाट किती कललेली आहे. दोन जागा आमच्या हातात होत्या. तिसरी मिळाली की लॉगची पुस्तकं घेऊन गणित करायचं काम माझं होतं. नवा निघाला तर आईचं नाव सुचवायचं असं दादानं ठरवलं होतं, आणि आईनं ते ओळीतल्या चार घरांत सांगूनही टाकलं होतं.

मग ढग आले, मग दादाची पाळी बदलली, मग लढाई सुरूच झाली. तिसऱ्या मोजणीचा दिवस आला तेव्हा दोन-तीन आठवडे उलटले होते. संध्याकाळचे साडेसात-आठ वाजले असतील. आम्ही दोघं बारा तास भरून आलो होतो. दादा भिंगाला डोळा लावून उभा, मी मागे स्टुलावर, मांडीवर चौकटींचा कागद आणि काळा कागद लावलेला टॉर्च. तो सांगणार, ओळखीच्या ताऱ्यापासून इतकी घरं उजवीकडे, इतकी खाली, आणि मी ठिपका देणार.

मी झोपले. तो काय म्हणाला ते मी ऐकलंच नाही. जाग आली तेव्हा दादा दुर्बीण आत नेत होता, आणि दोघांनाही पहाटे उठायचं होतं. दादा, पुन्हा सांग, एवढं म्हणायचं होतं. नाही म्हटलं. लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त कंटाळा आला. आत गेले, पहिल्या दोन ठिपक्यांवर पट्टी ठेवली, रेघ पुढे नेली आणि तिसरा ठिपका तिथे देऊन टाकला.

आता यातली मेख. पृथ्वी आतल्या वाटेनं जोरात धावते, लघुग्रह बाहेरच्या वाटेनं हळू. ती त्याला मागे टाकते तेव्हा तो उलटा सरकताना दिसतो, शेजारच्या रुळावरची मालगाडी आपल्या गाडीतून मागे जाताना दिसते तसा. पुढे तो थबकतो आणि पुन्हा सरळ चालायला लागतो. आमचा लघुग्रह त्याच दिवसांत थबकून वळला होता. मी त्याला पट्टीनं नाकासमोर पाठवून दिला होता. गणितातली बी.एस्सी. मी, मला हे कळायला हवं होतं.

मी आठवडाभर आकडेमोड केली आणि कक्षा भलतीच आली. त्या पट्ट्यातल्या खडकांना फेरीला चार-पाच वर्षं लागतात, आमचा जेमतेम दोन वर्षांत फिरत होता. असा कोणाचाच नव्हता. दादाला वाटलं, हा नवाच. त्यानं एका वेधशाळेला तिन्ही मोजण्या पाठवल्या. आईनं पेढे वाटले. मला माझी पट्टी आठवत होती, तरी मीही पेढा खाल्ला. वाटलं, असेलही नवा.

उत्तर आलं तोवर लढाई संपली होती. चार ओळींचं पत्र होतं. पहिल्या दोन मोजण्या उत्तम आहेत आणि त्या फार पूर्वी सापडलेल्या एका लघुग्रहाशी तंतोतंत जुळतात. तिसऱ्या जागी त्या दिवशी काहीही नव्हतं, निरीक्षकाच्या नजरेची चूक दिसते. दादानं पत्र दोनदा वाचलं. मी बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात तोच म्हणाला, "तू तर ऐकलं तेच लिहिलं. माझ्याच डोळ्यात काही तरी आहे."

त्या आठवड्यात त्यानं साहेबांना सांगितलं की ज्याला नसलेला ठिपका दिसतो त्यानं मापं तपासू नयेत, माल सीमेवर जातो. साहेबांनी समजावलं, तो ऐकेना. शेवटी स्टोअरमध्ये बदली करून घेतली आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिला. दुर्बीण कोणाला तरी देऊन टाकली. डोळ्यांच्या डॉक्टरकडे म्हणून कधी गेला नाही, चष्माही ठेल्यावरचा लावायचा. माझं पुढच्या वर्षी लग्न झालं आणि मी पुण्याला आले. दर दिवाळीला वाटायचं, आता सांगू. दर दिवाळीला ते आणखी अवघड व्हायचं. मी भित्री आहे, दुसरं काही कारण नाही.

टपरीवाल्यानं दुसऱ्यांदा विचारलं, अम्मा, और चाय? तेव्हा उठले.

तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनीनं पनागरहून आलेल्या भाजीवाल्याकडून पोतंभर म्हणावेत इतके मटार घेतले. या दिवसांत तिकडचे मटार खाल तर पुण्यातले तोंडात घालवणार नाहीत. वहिनी आत स्वयंपाकाला गेली आणि आम्ही दोघं अंगणात परात मधे घेऊन शेंगा सोलायला बसलो. दादा बोटांनीच सोलत होता, माझ्याहून भराभर. मी गाडीत जुळवलेलं वाक्य आठवेना. मग जसं आलं तसं बोलले. मी झोपले होते, तू सांगितलेलं ऐकलं नाही, तिसरा ठिपका मी पट्टी ठेवून दिला, तुझ्या डोळ्यात काही नव्हतं, कधीच नव्हतं.

तो सोलतच राहिला. चार-पाच शेंगा झाल्या असतील.

"मी काय सांगितलं होतं त्या दिवशी?" त्यानं विचारलं.

"माहीत नाही दादा. मी ऐकलंच नाही."

"म्हणजे ते गेलं."

"हो."

"अच्छा." त्यानं हातातली शेंग खाली ठेवली. "रीडिंग नसलं तर जागा रिकामी सोडायची असते, कुंदा. रिकाम्या जागेला कोणी काही म्हणत नाही. आणि आता काहून सांगून राहिली? मेल्यावर सांगायचं होतं."

मी म्हटलं, ऑपरेशन करून घे म्हणून. तो उठला, भिंतीला हात लावत आत गेला आणि दार लोटून घेतलं. उरलेले मटार मी एकटीनं सोलले. कोणी विचारलं असतं तर म्हटलं असतं, बरं झालं, सुटले एकदाची. पण सुटल्यासारखं काही वाटलं नाही, नुसता थकवा आला, सगळ्या अंगातून.

दुपारी वहिनीला सगळं सांगितलं. तिला वाटलं असेल मी दादाची समजूत काढायला आलेय, आणि मी हे घेऊन आले होते. ती ऐकून उठली आणि भांडी घासायला बसली. संध्याकाळी मात्र म्हणाली, चलो, ग्वारीघाटला जाऊन येऊ, घरात जीव घुसमटून राहिला. पनागरच्या बाजूनं नर्मदेवरचा हा घाट म्हणजे शहराचं पार दुसरं टोक, ऑटोनं तासभर लागतो. आरतीच्या अर्धा तास आधी पोचा, म्हणजे पायऱ्यांवर नीट जागा मिळते. फुलवाल्या दोनदोन द्रोण हातात कोंबतात, एकच घ्या. नावाडी पलीकडच्या काठाला चला म्हणून मागे लागतात, पाणी शांत असतं, दुखरे गुडघे नसतील तर जा.

पायरीवर बसल्यावर वहिनी नदीकडे बघत बोलली. स्टोअरच्या धुळीनं त्यांना दमा लागला ताई, म्हणाली, बरोबरीचे सगळे फोरमन झाले, हे तिथेच राहिले. मला वाटायचं, स्वभावच तसा, पुढे व्हायला नको असतं. कितीदा बोलून घेतलं मी त्यांना यावरून. मी म्हटलं, वहिनी, चुकलं माझं. तिनं हो म्हटलं. आरती सुरू झाली आणि आम्ही उठून उभ्या राहिलो. परत येताना ऑटोत तिनं आपल्या शालीचं टोक माझ्या पायांवर टाकलं.

चौथ्या दिवशी माझी गाडी होती. दादा त्याच खुर्चीत उन्हात बसला होता. आदल्या दिवसापासून माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. मी वाकून नमस्कार केला. त्यानं पाय मागे घेतले नाहीत, पण डोक्यावर हातही ठेवला नाही. स्टेशनवर भाचा सोडायला आला. त्याला यातलं काही माहीत नव्हतं, तो आपला म्हणत होता, आत्या, बाबांनी तुमचंही ऐकलं नाही ना?

पुण्यात उतरल्यावर तीन दिवस झोपून काढले. गुडघ्यांनी वचपा काढला. लोक विचारतात, सहल कशी झाली, काय आणलंस? मटार आणले, दोन किलो, ते खराब झाले नाहीत. मनात काय राहिलं म्हणाल तर दादाचा तो प्रश्न, मी काय सांगितलं होतं त्या दिवशी. मी माफी मागायला गेले होते आणि त्याला त्याचा आकडा हवा होता. तो माझ्याकडे नाही, कोणाकडेच नाही. पन्नास वर्षं मला वाटत होतं की खरं सांगितलं की त्याचं गेलेलं परत मिळेल. तसं नसतं. आणि ऑपरेशनही झालं नव्हतं, म्हणजे गेले त्या कामाचंही काही झालं नव्हतं.

पंधरा-वीस दिवसांनी, सकाळी नऊच्या सुमाराला, वहिनीचा फोन आला. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. आधी कळवलं नाही, कारण दादानंच नको म्हटलं होतं. स्वतःच मुलाला म्हणाला, चल. डॉक्टरनं पट्टी काढून तपासलं तेव्हा यानं आधी तेच विचारलं, डोळा मुळात कसा आहे? डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू सोडला तर आतून अगदी निरोगी आहे. मग वहिनी म्हणाली, थांब, देते त्यांना.

आधी त्याचा श्वास ऐकू आला. दम्याच्या माणसाचा असतो तसा.

"कुंदा," दादा म्हणाला, "एक विचारायचं आहे. त्या संध्याकाळी मी भिंगावरून मागे वळून बघितलं होतं. टॉर्च तुझ्या मांडीवर, मान खाली. मला वाटलं, झोपली. म्हटलं, बारा तास खपून आली, काहून उठवायचं, परत कधी बघून घेऊ. आणि सकाळी कागदावर ठिपका. मग म्हटलं, झोपली नव्हती, आपल्यालाच तसं दिसलं." त्याला धाप लागली, तो थांबला. "झोपलीच होती ना तू?"

"हो दादा. झोपले होते."

"म्हणजे मला बरोबर दिसलं होतं," तो म्हणाला.

मग त्यानं उजव्या डोळ्याची तारीख सांगितली आणि म्हणाला, लिहून घे.